पाणीदार डोळे

परळ, मुंबई
४ जानेवारी २०२५

चि. दर्शनास,
तुळशीकाकाचे अनेक आशीर्वाद.

जावईबापूंचा खांदा दुखायचा राहिला का? बडोद्याची थंडी वाईट, त्यांना म्हणावं स्कूटरवर कानांबरोबर खांदाही झाकत जा. तुझ्या सासूबाईंचे गुडघे काय म्हणतात? आकांक्षाचं बारावीचं वर्ष, पोरीला अभ्यासाला बसव पण जेवताना तरी पुस्तक मिटायला लाव. आणि तू कशी आहेस ते या खेपेला लिही. तुझे बाबा गेल्यापासून तुझ्या पत्रात तू सोडून सगळ्यांची खुशाली असते.

आमच्याकडे दीपेश, शेफाली आणि नात मनवा मजेत. माझा डावा कान आता शोभेपुरता उरलाय, आणि उजव्याला गरज लागेल तेवढंच ऐकू येतं असं शेफाली म्हणते. फोनवर मला 'हॅलो'च्या पुढचं काही कळत नाही, म्हणून हा कागदाचा खटाटोप. पोस्टमन म्हणतो, आजोबा, अख्ख्या चाळीत हातानं लिहिलेलं पत्र तुमचंच.

तुझ्या मंजुळामावशीचं मात्र बरं नाही. दोन्ही मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून दोनदा इस्पितळात रक्त धुवायला न्यावं लागतं. मी बरोबर जातो, तेवढाच माझा उपयोग. तोंड अजून तसंच आहे हो, काल नर्सला म्हणाली, "सुई खुपसतंस काय माड चढतंस?" पण हातात जीव उरलेला नाही. तू एकदा येऊन गेलीस तर बरं होईल.

वरळीची तुझ्या बाबांची, वसंताची, खोली रिकामी करून दिली. आता तिथं टॉवर झाला की तुझ्या नावाची जागा मिळेल. दीपेशनं गाडीनं पाठवलेला तुझ्या आईचा फोटो पोचला ना? त्याची मागची पट्टी उघडू नकोस, जुन्या ब्रोमाइडच्या कागदाला हवा मानवत नाही. आणि एक सांगू? त्यावरचा तो चंदनी हार आता जुनाट झाला असेल. काढून ठेवलास तरी चालेल. फोटो मोकळाच बरा दिसतो.

तुझा,
तुळशीकाका

•

बडोदा
१९ जानेवारी २०२५

ती. तुळशीकाका,
साष्टांग नमस्कार.

ह्यांचा खांदा बरा आहे, सासूबाईंचे गुडघे तसेच आहेत, आकांक्षा जेवताना पुस्तक मिटते आणि फोन उघडते. मी ठीक आहे. हे घ्या, लिहिलं.

फोटो पोचला, पण काच तडकली होती. फ्रेमवाल्याकडे नेला. तुमचं पत्र मागाहून आलं, तोपर्यंत त्यानं पट्टी काढली होती. काका, फोटोच्या पाठीवर तुमच्या स्टुडिओचा जांभळा शिक्का आहे आणि त्यात तारीख आहे ११ फेब्रुवारी १९७८. आई गेली ६ फेब्रुवारीला. दरवर्षी त्या दिवशी बाबा उपास करायचे, माझी चूक होणं शक्य नाही. गेलेल्या माणसाचा फोटो पाच दिवसांनी कसा निघतो?

मावशीचं वाचून वाईट वाटलं. पण येण्याचं म्हणाल तर मला जड जातं. तुम्हाला राग येईल, तरी लिहिते. आई गेली तेव्हा मी आठ महिन्यांची. सख्खी मावशी बसच्या चार थांब्यांवर लालबागला, आणि आमच्या खोलीत तिनं कधी पाऊल टाकलं नाही. दर संक्रांतीला, दर वाढदिवसाला गॅलरीत उभी राहून उंबऱ्याबाहेरून डबा द्यायची. आजी म्हणायची, "गो, आत ये." ही म्हणायची, "घाईत आसंय." चाळीस वर्षं कसली घाई? मला लहानपणी वाटायचं, मी जन्मले म्हणून आई गेली, म्हणून मावशीला माझं तोंड बघायचं नाही. ते वाटणं अजून पुरतं गेलेलं नाही.

हार काढायचं काय मनात आणलंत? आईचा फोटो आहे तो. हार नको तर काय?

तुमची,
दर्शना

•

परळ
३० जानेवारी २०२५

चि. दर्शनास, अनेक आशीर्वाद.

शिक्क्याचं तू उगाच मनाला लावून घेतलंस. आमच्या धंद्यात एका फोटोवरून दुसरा करतात, त्याला कॉपी म्हणतात. मूळ फोटो लहान असला की तो मोठ्या कॅमेऱ्यापुढे लावायचा, त्याची नवी निगेटिव्ह घ्यायची, तिच्यावर पेन्सिलीनं टचिंग करायचं आणि मग मोठं ब्रोमाइड काढायचं. ज्या दिवशी कॉपी झाली त्या दिवसाची तारीख शिक्क्यात पडते. तेराव्याला फोटो हवा म्हणून घाईनं केला. मूळ फोटो पाण्यानं खराब झाला होता, तो टाकला. एवढंच.

मावशीबद्दल मनात अढी धरू नकोस, पोरी. माणूस उंबऱ्याबाहेर उभं राहतं त्याला कारणं असतात. परवा तिला तुझं पत्र आलं असं सांगितलं, तर म्हणाली, "हार काढलान?" मी म्हटलं, अजून नाही. मग भिंतीकडे तोंड करून पडली.

ये तू. मार्चात परीक्षा आटोपली की ये.

तुझा,
तुळशीकाका

•

बडोदा
१२ फेब्रुवारी २०२५

ती. काका, नमस्कार.

माझ्या लग्नात तुम्हीच म्हणाला होतात, "कमलवहिनीनं जन्मात एक फोटो काढून घेतला नाही गो." तेव्हा वाटलं, भिंतीवरचा तो एक सोडून म्हणताय. मी विसरलेले नाही. मग कॉपी कशाची केलीत?

आणखी एक. आकांक्षानं फ्रेम नसताना त्या फोटोचा फोनवर फोटो काढला. या फोनना हल्ली चेहरे ओळखता येतात, एका माणसाचे सगळे फोटो ते आपोआप एकत्र लावतात. काल ती मला दाखवायला आली. "मम्मी, फोन वेडा झालाय बघ." फोननं आईचा फोटो माझ्या लग्नातल्या मंजुळामावशीच्या फोटोंबरोबर लावला होता. खाली विचारत होता, हे एकच माणूस आहे का?

आकांक्षा हसली. म्हणाली, बहिणी आहेत, दिसत असतील सारख्या. मला हसू आलं नाही. मी लग्नातला फोटो मोठा करून मावशीचा कान बघितला. मग आईचा बघितला.

काका, भिंतीवर कोण आहे?

दर्शना

•

परळ
२४ फेब्रुवारी २०२५

चि. दर्शना,

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. सत्तेचाळीस वर्षं झाकलं, आता फोननं आरवून दिलं. आता खरं तेच लिहितो. हे पत्र बसून वाच.

तुझी आई कमल बावीस वर्षांची होती. लग्न गावी झालं, तिथं फोटोवाला कुठला? मुंबईत आल्यावर मी दहादा म्हटलं, वहिनी, स्टुडिओत या, जोडीचा फोटो काढू. तिचं आपलं, आज केस धुतलेले नाहीत, उद्या पाहुणे येतायत. तू झालीस तेव्हा म्हणाली, "पोर बसाक लागू दे, मग तिघांचा काढू." तू बसायला लागलीस. रविवार ठरला. त्याच आठवड्यात तिला कावीळ झाली आणि चार दिवसांत सगळं आटोपलं.

तिसऱ्या दिवशी तुझा बाप माझ्याकडे आला. मिलचा माणूस, कधी कुणापुढे रडला नसेल. स्टुडिओच्या बाकावर बसून म्हणाला, "तुळशी, पोर उद्या विचारील, आई कशी होती. मी काय दाखवू?" तुला सांगतो, मी काही चित्रकार नव्हे. सातवीत शाळा सुटली, बघून बघून टचिंग शिकलो. असलेल्या चेहऱ्यावर हात फिरवणं एवढंच मला येतं, कोऱ्या कागदावर चेहरा आणणं येत नाही. मला खाली कुणाचा तरी चेहरा लागतो.

आणि मंजुळा होती. अठरा वर्षांची. तुझ्या जन्माच्या वेळी बहिणीच्या मदतीला म्हणून गावाहून आलेली. ती युक्ती माझी, दर्शना. वसंताची नव्हे, तिची तर नव्हेच. मीच म्हटलं, मंजुळेला कमलवहिनीची साडी नेसवून बसवू, वरून मी हवं ते बदलीन.

अकरा तारखेला ती आली. बहिणीचं हिरवं लुगडं, बहिणीच्या कुड्या, गळ्यात बहिणीचं मंगळसूत्र. कुंवार पोर, मंगळसूत्र पदराखाली दडवायला बघत होती. मी म्हटलं, तोंड मीट, दात दाखवू नको, कमलवहिनीच्या पुढच्या दातांत फट होती. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घातलं. काचेवर ती उलटी दिसत होती, खाली डोकं वर पाय. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते मला उलटं, वर चढताना दिसलं. तीन निगेटिव्ह घेतल्या, तिन्हींत ती रडत होती. गालांवरचं पाणी मी पेन्सिलीनं पुसलं. डोळ्यांतलं पुसता येईना. पुसलं की डोळे मेल्यासारखे दिसायचे. ते तसंच ठेवलं.

डाव्या भुवईत खोक केली, ती तुझ्या आईची खरी, लहानपणी झावळ पडून झालेली. कपाळ थोडं लहान केलं. रंग सावळा करायला घेतला तर तुझी आजी म्हणाली, नको, उजळच राहू दे. तसा राहिला. तेराव्याला पाटावर फोटो ठेवला, हार घातला, आणि सगळी चाळ म्हणाली, कमलचे डोळे बघा कसे पाणीदार!

तू सुद्धा म्हणायचीस. शाळेत निबंध लिहिला होतास, 'माझ्या आईचे डोळे पाणीदार होते'. वसंतानं मला तो वाचायला आणून दिला. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता चहा प्यायलो.

आता तुझी मावशी उंबऱ्याबाहेर का उभी राहायची ते तुला कळलं असेल. जित्या माणसानं स्वतःच्या फोटोला हार घातलेला बघू नये असं आपल्याकडे मानतात. मानणं सोड, पण आत पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर आपणच मेलेलो. तू कशी आली असतीस आत? लोकांनी वसंताशी लग्न लावायचीही गळ घातली तिला, पोरीला आई मिळेल म्हणून. ती म्हणाली, "एकदा बसलंय तिच्या जागेर. तितक्या पुरे." पुढे एक स्थळ आलं होतं. परळचाच मुलगा. त्याच्या घरच्यांनी तो फोटो पाहिला, कुजबूज ऐकली, आणि नको म्हणाले. मग ती मामाच्या खाणावळीत भाकऱ्या भाजत राहिली ती आजपर्यंत एकटी.

आता तिचं एकच मागणं आहे. डोळे मिटायच्या आधी कुणी तरी तो हार काढावा. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत.

मला वाटेल ते बोल. पण लिही.

तुझा,
तुळशीकाका

•

बडोदा
२ एप्रिल २०२५

काका,

तुमची दोन कार्डं मिळाली. उत्तर दिलं नाही.

पाडव्याला बाबा दरवर्षी आईचा हार बदलायचे. यंदा मी नवा आणला होता. तो हातात घेऊन किती वेळ उभी होते माहीत नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, नैवेद्य निवतोय."

घातला. सगळं माहीत असून घातला.

तुम्ही म्हणता काढ. काढला तर मावशी सुटेल, मान्य. मग भिंतीवर जी उरेल ती मावशी. माझी आई कुठे राहिली? पोटात बाळ असताना मी तिच्याशी बोलले आहे. बाबा गेले तेव्हा तिला सांगितलं आहे, आता तुमची भेट होईल. मी बोलत होते ती लालबागला भाकऱ्या भाजत होती. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला दुसरीच आई दाखवलीत आणि खरी असलेली मावशी दारात उभी केलीत. दोन्ही गेल्या.

मी येणार नाही. एवढ्यात तरी नाही.

दर्शना

•

लालबाग
१४ एप्रिल २०२५

चि. दर्शना बायस, मंजुळामावशीचा आशीर्वाद.

माझ्या हाताक पेन धरवत नाही म्हणून तुळशीदास लिहितोय. त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. अख्ख्या माळ्याला कळतंय मी काय सांगते ते. कळू दे.

तू रागावलीस ते बरं केलंस. मी पण रागावले होते, पण मला कुणी विचारलं नाही. तू मला आई म्हण असं माझं म्हणणं नाही. कधीच नव्हतं. तुझी आई वेगळी होती, ती माझ्यासारखी नव्हती, हे सांगायला पत्र लिहिते. फोटोत काय आहे ते विसर. मी सांगते ती बघ.

ती काळी होती. उन्हात तापलेल्या कौलासारखी. आजीने उजळ केलीन. ती चालायची नाही, धावायची. पाण्याला धावत, नळावर भांडायला धावत, भांडण मिटलं की हसायला धावत. हसताना पदर तोंडात कोंबायची दातांची फट दिसू नये म्हणून, आणि मग तिला ठसका लागायचा. मग आणखी हसायची. तिच्या डोळ्यांत कधी पाणी बघितलं नाही मी. तिचे डोळे कोरडे ठणठणीत, कोंबडीसारखे, इकडून तिकडे. पाणीदार म्हणे! भाकरी तिची नेहमी एका बाजूनं करपायची, घाई. तुझ्या बाबांना 'अहो' म्हणायची लोकांसमोर, आत गेलं की 'वसंता'. तुला मांडीवर घेऊन गाणं नाही म्हणायची, येत नव्हतं. नळावरच्या बायांची नक्कल करून दाखवायची तुला. तू आठ महिन्यांची, खिदळायचीस.

आणि तिच्या उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. चप्पल नीट बसायची नाही. ते फोटोत कुठून येणार? फोटोत पाय कोण काढतो?

आणखी एक लिहून घे म्हणाले याला. स्थळ आलं होतं ते तुला कळवलंन. तो परळचा मुलगा कोण ते कळवलं नसणार. मुलगा हाच. याच्या आईनं सांगितलं, जिच्या फोटोला हार पडला ती सून माझ्या घरात नको. फोटो काढला ह्येनाच. हार पडला ह्येच्याच हातच्या फोटोक. आणि आईपुढे ह्येच्या तोंडातून शब्द फुटला नाही. लिही रे. काय थांबतंस? लिही म्हणते मी. बहिरो ऐकाक, हाताक नाय.

(मंजुळा म्हणते ते खरं आहे. मी गप्प बसलो. तु.)

हा आता माझ्यासोबत इस्पितळात येतो, तीन तास त्या खुर्चीत बसतो. त्याला वाटतं फिटतंय. फिटत नाही, पण सोबत बरी असते. त्याच्यावर राग धरू नकोस, मी धरून झालाय, तेवढा दोघींना पुरे.

बाय, मी तुझ्या घरात कधी आले नाही. डबा द्यायला यायचे तेव्हा आत बघायचे नाही, तुझे पाय बघायचे. तुझी पण करंगळी तशीच होती. अजून आहे काय?

तो हार जमला तर काढ. माझा हट्ट नाही. तुझी आई त्या हारात कधीच नव्हती, एवढंच सांगायचं होतं.

मंजुळा
(शब्द तिचे, अक्षर तुळशीदासचं)

•

बडोदा
२७ एप्रिल २०२५

ती. मावशी,
साष्टांग नमस्कार.

पत्र स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. मग पाटावर बसले आणि पाय पुढे घेतला. अजून आहे. अठ्ठेचाळीस वर्षांत चपलांच्या दुकानदारांशिवाय तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. ह्यांना दाखवली. ते म्हणाले, ही तर आधीपासून अशीच आहे. मी म्हटलं, हो, आधीपासूनच.

आकांक्षाला तुमचं पत्र वाचून दाखवलं. भाकरी करपायची तिथं ती हसली, नक्कल करायची तिथं मी.

हार काल काढला. सासूबाईंना आधी सगळं सांगितलं, मला वाटलं त्या काहीबाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "जित्या बाईच्या गळ्यात होता होय इतके दिवस? काढ, काढ." खुर्ची त्यांनीच धरली. हार गेल्यावर फोटोत अठरा वर्षांची एक मुलगी दिसली, रडणारी, आणि तिला कुणीतरी तोंड मीट म्हटलेलं. मी तिला आजवर बघितलंच नव्हतं. मी तिला नमस्कार करत होते, मावशी, बघत नव्हते.

आता फोटो समोरच्या खोलीत आहे, सगळ्यांच्या फोटोंत. सोबत भिंतीचा फोटो पाठवते, काकांना म्हणावं भिंग घेऊन दाखवा.

बारा मेचं तिकीट काढलं आहे. सकाळी पोचेन. तुमच्या खोलीत येईन, उंबऱ्याच्या आत. डबा मी आणणार.

तुमची,
दर्शना

•

परळ
२ जून २०२५

चि. दर्शनास, अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलीस हे दीपेशकडून कळलं. सासूबाईंना दगदग झाली नाही ना? तुझ्यासोबत हट्टानं आल्या, माऊली. आकांक्षाचा निकाल चांगला लागला, तिला माझ्याकडून शाबासकी दे. जावईबापूंना नमस्कार सांग.

मेच्या नऊ तारखेला ती गेली आणि तू दहाला आलीस. बारापर्यंत थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. तू आलीस तेव्हा घर भरलेलं, मला धड ऐकू येत नव्हतं, तुला धड बोलता येत नव्हतं. काही सांगायचं राहून गेलं ते लिहितो.

तुझं पत्र तीन तारखेला आलं. मी इस्पितळात मशीनशेजारी बसून वाचलं. मला माझा आवाज कळत नाही, म्हणून मोठ्यानं वाचलं असेल, कारण शेजारच्या खाटेवरची बाई पण ऐकत होती. चपलांच्या दुकानदारांचं वाचलं तेव्हा मंजुळा हसली. डबा मी आणणार, तिथं म्हणाली, "परत वाच." परत वाचलं. मग भिंतीचा फोटो तिच्या हातात दिला, भिंग धरलं. तिनं तो फोटो सत्तेचाळीस वर्षांत नीट कधी पाहिलेला नव्हता. बराच वेळ बघत राहिली. मी वाट बघत होतो, आता मला शिव्या देणार. ती म्हणाली, "किती ल्हान होतंय रे मी."

एवढंच. भिंग मात्र मशीन थांबेपर्यंत हातातून सोडलं नाही.

तेराव्याला तू मला विचारलंस, "काका, पाटावर मावशीचा फोटो का नाही?" गर्दीत मी ऐकू न आल्याचं सोंग केलं. ऐकू आलं होतं, बरं का. सगळेच विचारत होते. तिचा मामेभाऊ म्हणाला, "तुळशीदास, जन्मभर लोकांचे फोटो केलेस, तिचा एक करायला तुला काय झालं?" शेफाली म्हणाली, दर्शनाताईंच्या लग्नातला आहे, तो मोठा करून आणते. मी कुणाचं ऐकलं नाही. पाटावर समई ठेवली, तिच्या हातची लाकडी काठवट ठेवली, आणि वर भिंत मोकळी ठेवली. नावं ठेवली लोकांनी, ठेवू देत. मी कितीएक मेलेल्यांच्या चेहऱ्यांवर हात फिरवलाय, सुरकुत्या पुसल्या, पागोटी घातली, कुंकू भरलं. तिच्यावर एकदा फिरवला आणि ती जितेपणी मेली. दुसऱ्यांदा माझा हात उचलेना.

आता तुला माझं मागणं. तुझ्या भिंतीवरच्या त्या पोरीला हार घालू नकोस. पुढे कधी घरात कुणी म्हणालं, आता बाई गेली, आता चालतो, तरी घालू नकोस. तिचा वाटा तिनं आधीच भोगून टाकला. लग्नाच्या, बारशाच्या फोटोंत ती आहे ना, तिथंच असू दे. घरी आलं-गेलं कुणी विचारलं की म्हण, ही माझी मावशी, अठरा वर्षांची. आणि आईचं विचारलं तर मोजा काढून दाखव.

माझ्याबद्दल तू मला काहीच बोलली नाहीस. बोलायला हवं होतंस असं नाही. पण तुझं मन माझ्याविषयी काय म्हणतं ते मला कळायला हवं, चांगलं असो, वाईट असो. मंजुळेनं जन्मभर तोंडावर सांगितलं, मला त्याची सवय झालीय. आता सांगणारं कुणी नाही. म्हणून कसर न ठेवता लिही, आणि फार वाट बघायला लावू नकोस. पोस्टमन दुपारी तीनला येतो, मी अडीचपासून जिन्यात बसलेला असतो.

तुझा,
तुळशीकाका